कानाजोगा आवाज

मित्रांनो, मी एक जुना साउंडबॉक्स आहे. माझ्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. सौंसरच्या भाऊराव मिस्त्रींनी सागवानी फळ्या जोडून मला घडवलं.

पांढुर्ण्याच्या मुकुंद मास्तरांनी मला बनवायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या घरात बराच वाद झाला होता. त्यांच्या पत्नी उषाताई म्हणत, "मोठ्या कंपनीचा घ्या ना. बिघडला तर नागपूरले दुरुस्त तरी होते. याले भाऊरावांशिवाय कोण हात लावन?" मास्तरांना मात्र वडिलांची काळजी. केशवरावांना कमी ऐकू येई आणि कानातलं यंत्र सोसत नसे. कीर्तनावर भारी जीव, पण दुकानातल्या सेटांमधून त्यांना नुसती धमधम कळायची. भाऊरावांनी त्यांना समोर बसवलं, कीर्तन लावलं आणि माझ्या पोटातले भाग बदलत राहिले. शेवटी केशवराव म्हणाले, "आता महाराज काय म्हणून राहिले ते समजते." त्या दिवशी मी धन्य झालो.

पुढे कित्येक वर्षं रोज सायंकाळी मी कीर्तन ऐकवलं. महाराजांनी कोपरखळी मारली की केशवराव सगळ्यांच्या आधी हसत. शेजारीपाजारी माझं कौतुक करत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग एका दसऱ्याला घरातल्या हत्यारांची, गाडीची पूजा झाली. उषाताईंनी मलाही हळदकुंकू लावलं आणि पानाने भक्तिभावाने पाणी शिंपडलं. मी चालू होतो. पाणी फटींतून आत गेलं आणि माझा आवाज कायमचा बसला. भाऊराव तोवर देवाघरी गेले होते. दुसरे मिस्त्री मला उघडून बघत आणि पुन्हा बंद करत.

उषाताईंच्या जिवाला ते फार लागलं. त्यांनी हट्टाने मोठ्या कंपनीचा सेट आणवला. तो माझ्याच डोक्यावर बसला. आवाज दमदार, त्याला नाव ठेवायला जागा नाही. उषाताईंनी सासऱ्यांना विचारलं, "मामाजी, कसा आहे?" केशवराव म्हणाले, "चांगला आहे." सगळे आपापल्या कामाला लागले.

एकदा कीर्तन संपून सेटला जोडलेल्या मोबाइलवर खताची जाहिरात सुरू झाली. केशवराव हात जोडून तसेच बसलेले. नात ऋतुजाने ते पाहिलं. ती त्यांच्या कानाशी वाकली. "आबाजी, तुम्हाले ऐकू नाही येऊन राहिलं का?"

"नाही येत, बेटा. पण सांगू नको. तुही आई मनाले लावून घेईन."

उषाताई दारातच उभ्या होत्या.

आता मास्तर रोज वडिलांना खेटून बसतात आणि कीर्तनातली एकेक ओळ त्यांच्या कानात मोठ्याने सांगतात. त्यांचा घसा बसतो, कीर्तन अर्धंच होतं.

मित्रांनो, आमच्यावर पाणी शिंपडू नका, एवढंच मी मागणार होतो. पण माझं काय, मी लाकूड आहे. घरातलं म्हातारं माणूस 'चांगलं आहे' म्हणालं, तर लगेच उठून जाऊ नका. थोडं जवळ बसा.