बमरोलीचा दवाखाना

लिंबायतच्या त्या गल्लीत पुष्पाबाईइतकी टापटीप कुणाची नव्हती. ओटा दिवसातून दोनदा धुवायचा, आणि शेजारच्या कमलच्या पोराला, लखनला, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायचं नाही, हा तिचा नेम.

एका सकाळी तिची सहा वर्षांची वर्षा मोरीतून ओरडली, "माय, मना पोटमातून साप निंघना!"

पुष्पाबाईने जाऊन पाहिलं. वीतभर लांब, पांढरा जंत. तिने बादलीभर पाणी ओतलं आणि पोरीच्या तोंडावर हात दाबला. "गप! गल्ली जागी व्हई!"

गल्लीच्या तोंडाशीच डॉक्टर होता, पण तिथे सगळी ओळखीची माणसं. म्हणून "मामाकडे जाऊन येते" असं कमलला सांगून ती वर्षाला घेऊन रिक्षाने थेट बमरोलीला गेली. तिथे तिला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं.

दवाखान्याच्या बाकावर पदर तोंडावर ओढून एक बाई बसली होती. शेजारी लखन.

"कमल? तू आठे?"

कमल दचकली. "मनी दाढ दुखस."

"मंग लखनले कसाले आनं?"

"घरमा एकला रडस तो. आन तुना मामा आठे ऱ्हास का?"

दोघी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या. एवढ्यात कंपाउंडर जंत झालेली पोरं मोजायला बाहेर आला आणि खणखणीत गुजरातीत म्हणाला, "करमियावाळा छोकरा केटला छे?"

वर्षाने शाळेत करतात तसा हात वर केला. मग दोन्ही हात पसरून दाखवले. "मेरा इतना लंबा था!"

"मेरे को तो दो निकले!" लखन गरजला.

अख्खा दवाखाना हसला. पुष्पाबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आत गेल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, माझं घर आरशासारखं असतं हो!"

डॉक्टरांनी वर्षाचा हात उलटा केला. नखांत गटाराकाठची काळी माती ठासून भरली होती. "घर चोक्खुं छे, बेन. नख जुओ." त्यांनी घरातल्या सगळ्यांसाठी गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर कमल थांबली होती. "काय म्हने तुना मामा?"

पुष्पाबाईला हसू आवरेना. दोघी एकाच रिक्षाने परतल्या.

संध्याकाळी तिचा नवरा हेमराज कारखान्यातून आला आणि गोळी बघून बिथरला. "माले काय व्हयनं?"

"गप चाव," पुष्पाबाई म्हणाली. शेजारच्या घरातूनही कमलचा तोच हुकूम ऐकू आला.