दंडावरचा पट्टा

पुण्याच्या मॅडमनं पहिल्याच दिवशी आम्हा बावीस नर्सायले सतरंजीवर गोल बसवलं. खुर्चीनं म्हणे माणसामाणसात उच्चनीचपणा येते. मी हुस्नाबी, महागाव तालुक्यातल्या एका उपकेंद्राची नर्स, वय त्रेपन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. माह्या गुडघ्यायले कोणी विचारलं नाही.

प्रशिक्षण होतं सांस्कृतिक क्षमता आणि आरोग्य समता या विषयाचं. बाहेरच्या समाजाच्या लोकायसोबत कसं वागावं ते आमाले तीन दिवसात शिकवणार होते. मॅडमच्या अंगात आरसे लावलेलं जाकीट होतं. ते घातलं की आपण तांड्याच्या जवळ गेलो, असं तिले वाटत असंन. तांडा तिनं पाह्यलाच असंन तर गाडीच्या काचेतून. अशा बायकायचा मले भारी राग येते. उंटावर बसून शेळ्या हाकतात अन् आमालेच विचारतात, शेळी कशी असते.

त्याच दिवशी तिनं नाटक बसवलं. एक नर्स बंजारा बाई, एक कोलाम बाई. मले म्हणे तुम्ही मुस्लिम बाईची भूमिका करा. मी म्हनलं, ते तर मी त्रेपन्न वर्षांपासून करून राह्यली. सगळ्या हसल्या. मॅडम हसली नाही, तिनं ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मोठमोठे कागद वाटले. बंजारा समाजाच्या पाच श्रद्धा लिहा. लिहिणाऱ्यायपैकी एकीचाही जन्म तांड्यात झालेला नव्हता, पण पाचाच्या जागी अकरा निघाल्या. त्यातली एक होती, लग्नाची बाई दंडातला चुडा नवरा मेल्याशिवाय काढत नाही. मॅडमच्या डोळ्यात पाणीच आलं. तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, चुडा काढायला कधीही सांगू नये. आम्ही ते वहीत उतरवलं. मले तर ते लिहाची गरजच नव्हती, पण ते पुढं सांगते.

तिसऱ्या दिवशी समाजाचा आवाज ऐकाचा होता. तो आवाज आणाची जबाबदारी माह्यावर आली, कारण तांडा माह्या उपकेंद्रात येते. मी चंदाबाईले आणलं. साठीची बाई, कोपरापासून खांद्यापर्यंत पांढरा चुडा. आता तांड्यातल्या पोरी, सुना काही घालत नाहीत, चार-पाच म्हाताऱ्याच राह्यल्या तशा. सोबत तिचा नवरा शंकरसिंग आलता. बायकोले एकटी कुठं पाठवत नाही तो.

जीपमधेच चंदाबाई मले म्हणे, डोकं तर दोन वर्षांपासून दुखते, पण आज सकाळपासून फुटून राह्यलं, समोरचं दोन-दोन दिसते. मी म्हनलं, पोचल्यावर पाहू. पोचल्यावर मॅडमनं तिले ताब्यात घेतलं. दागिने कोणते, गाणी कोणती, घागऱ्यावरची टीप कोण शिकवते. बाई दर उत्तरात डोक्याचं सांगे अन् मॅडम मान हलवे. ऐकणं महत्त्वाचं, ऐकणं महत्त्वाचं, असं आमाले सांगे. भैताड बाई. तिले सारं ऐकू येत होतं, फक्त दुखणं सोडून.

टेबलावर दाखवाले म्हणून बीपीची मशीन ठेवली होती. चंदाबाईनं ती पाह्यली अन् म्हणे, माहा बीपी पाहा. मी उठली, पट्टा उचलला. मॅडमनं माहा हात धरला. ताई, काल आपण काय शिकलो, म्हणे. तिचा चुडा ही तिची ओळख आहे. आपण आपल्या सोयीसाठी तिच्या ओळखीवर हात टाकायचा का? मंग कागदावर लिहाले सांगितलं, सांस्कृतिक कारणामुळे तपासणी नाही.

अन् खरं सांगते, मी खाली बसली.

चंदाबाईनं एकदा तिच्याकडं पाह्यलं, एकदा माह्याकडं. मंग शंकरसिंगाकडं बोट केलं.

"बाई, ह्यायच्या दंडाले तू दर महिन्याले पट्टा बांधतं. माह्या दंडाले कधीच बांधला नाही. काहून?"

मी म्हनलं, चुड्यामुळं मावशी. तुमच्यात काढत नाहीत ना.

"मी काढत नाही, असं तुले कोनं सांगतलं? तू मले कधी इचारलं?"

आता सांगते, मले फळ्यावरचं लिहून घ्याची गरज काहून नव्हती. मी त्या तांड्यावर अकरा वर्षांपासून जाते. अकरा वर्षं चंदाबाईचा बीपी मी न मोजता कार्डावर लिहून राह्यली होती. चुडा काढा म्हनलं तर ही रडंन, नवरा भांडंन, दुपार जाईन, असं माहं मीच ठरवलं होतं. पुढं मोबाइल आला. त्यातल्या नोंदीत बीपीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. एकशेवीस-ऐंशी टाकलं की उघडते. सारखं तेच लिहिलं तर साहेब विचारतीन म्हणून कधी एकशेअठरा टाके, कधी एकशेचोवीस. एवढी मी हुशार. तीन दिवस त्या मॅडमवर दात खाल्ले, आपलं ठेवलं झाकून अन् तिचं पाह्यलं वाकून. ती तर परवा आली होती. मी अकरा वर्षांची भैताड.

चंदाबाईनं साबण मागितला. सभागृहाच्या मोरीवर शंकरसिंगानंच तिच्या दंडाले फेस लावला अन् एकेक बांगडी हलक्या हातानं उतरवून खिशात ठेवली. शेवटची एक तिनं खांद्याजवळ सरकवून ठेवली. नवरा जिता हाय हे एका बांगडीनंही कळते, म्हणे. सारं पाच मिनिटांचं काम.

पट्टा बांधला. दोनशेचोवीस, एकशेतीस. मी मशीन खराब असंन म्हणून दुसऱ्यांदा मोजला. तेच. मॅडम मागून फोटो काढून राह्यली होती, किती सुंदर क्षण आहे म्हणे. मी तिले म्हनलं, बाजूले हो, नाहीतर ही इथंच जाईन. तेव्हा कुठं तिनं मोबाइल खाली केला.

जीपनंच पुसदले नेलं. रस्ताभर बाई माह्या मांडीवर डोकं ठेवून होती, अन् मले जल्लाद झाल्यासारखं वाटत होतं. या अल्ला, हिले वाचव, एवढंच म्हणत होती मी. माफी कोणत्या तोंडानं मागू?

दवाखान्यात डॉक्टरनं दोनदा बीपी घेतला अन् जुने कागद मागितले. शंकरसिंगानं धोतराच्या कनवटीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं कार्ड काढलं. नर्सबाई दर महिन्याले लिहून देते साहेब, म्हणे, लय चांगली बाई हाय. डॉक्टरनं कार्ड चाळलं. अकरा वर्षं एकशेवीसच्या आसपास. त्यानं तिथल्या नर्सले औषध भराले सांगितलं अन् माह्याकडं वळला.

"बीपी आजच अचानक चढला असंल तर मी झटक्यात उतरवतो. जुना असंल तर हळूहळू उतरवावा लागंल, नाहीतर लकवा मारंल. कार्डावर तर गेल्या महिन्यापर्यंत चांगला आहे. हे बरोबर आहे ना?"

बरोबर आहे म्हनलं असतं तर माही नोकरी वाचत होती. निवृत्तीले पाच वर्षं राह्यली. चंदाबाई खाटेवरून माह्याकडं पाहून राह्यली होती. तिले सारं माहीत होतं. बोलाचं काम तिनं माह्यावर सोडलं.

"कार्ड खोटं आहे," मी म्हनलं. "मी एकदाही मोजला नाही. हिचं डोकं दोन वर्षांपासून दुखते."

डॉक्टरनं नर्सच्या हातातली सिरिंज परत ठेवाले लावली अन् दुसरं औषध सांगितलं, हळूहळू जाणारं. मंग माह्याकडं पाठ करून तो कागद लिहाले बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शंकरसिंगानं कार्ड टेबलावरून उचललं. त्याले वाचता येत नाही, तरी त्यानं ते पान न पान उलटून पाह्यलं. मंग त्यानं स्वतःचं कार्डही पिशवीतून काढलं अन् दोन्ही माह्यासमोर धरली.

"मंग माहा तरी खरा हाय का, बाई?"

त्याचा मी दर महिन्याले खरंच मोजत होती. पण ते न सांगता मी खाटेजवळचा पट्टा उचलला अन् त्याच्या दंडाले बांधला.