आबांचा हात

भास्कररावांचा हात हलका आहे, असं बालरोग विभागातल्या एका सिस्टरनं नऊ-दहा वर्षांपूर्वी म्हटलं होतं, आणि तेव्हापासून भास्करराव त्या एका वाक्यावर जगत होते. "सर, आपका हाथ तो हमसे भी हल्का है." घरी येईल त्याला ते हे वाक्य ऐकवत. पाहुणा नवा असला तर दोनदा.

त्यांचा एकुलता एक मुलगा शौर्य हिमोफिलियाचा. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या अंगात जवळजवळ नाहीच. कुठे धडपड न होताही गुडघ्यात रक्त उतरायचं आणि गुडघा टम्म फुगायचा. म्हणून तो घटक आठवड्यातून दोनदा बाहेरून द्यायचा, थेट नसेत. शौर्य आठ वर्षांचा असल्यापासून हे काम भास्कररावांकडे, म्हणजे त्याच्या आबांकडे, होतं. देवासच्या एका शाळेत ते गणित शिकवत. सकाळी सहाला खिडकीपाशी खुर्ची मांडायची, मुलाचा हात उशीवर घ्यायचा, सुई घालायची, मग अंघोळ आणि शाळा. आपली नस चुकत नाही, हा त्यांचा अभिमान. आजोबा देवास संस्थानच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, पण ते कर्तृत्व आजोबांचं. भास्कररावांच्या स्वतःच्या खात्यात म्हणावं असं हे एवढंच होतं.

मागच्या महिन्यात शौर्यला अठरा पूर्ण झाली. आता त्याचं कार्ड लहान मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात जाणार होतं. त्याला दोन वर्षांचा असल्यापासून पाहणाऱ्या डॉक्टर मेधा यांचा यासाठी एक नियम होता. जाण्याआधी पेशंटनं त्यांच्यासमोर तीनदा स्वतःच्या हातानं इंजेक्शन घ्यायचं. आईवडिलांनी हवं तर बसावं, पण बोलायचं नाही. तिन्ही वेळा जमलं की एका कागदावर सह्या, की यापुढे आपल्या उपचाराचं तो स्वतः बघेल. "कायद्याला तुमची सही लागत नाही," त्या भास्कररावांना म्हणाल्या होत्या, "मला लागते. तुमची तयारी नसेल तर हा गेल्यावर रोज चार फोन मलाच येतील."

दोनदा जमलं होतं. आज तिसरी खेप. आणि ती साधी खेप नव्हती, कारण सोमवारपासून शौर्यला बाग नावाच्या गावी जायचं होतं. तिथल्या एका कारखान्यात सहा महिने राहून तो कापडावरच्या छपाईचं काम शिकणार होता. कागद झाला तर महिन्याचं औषध बर्फाच्या डब्यात घालून त्याच्याबरोबर द्यायला डॉक्टर तयार होत्या. नाही झाला तर बाग राहिलं. भास्कररावांना मुळात ते कामच मान्य नव्हतं. लाकडी ठप्पा कापडावर ठेवून वरून मुठीनं ठोकायचा, हे काम यानं करायचं? खोटं कशाला बोला, आज नस चुकावी असं त्यांना मनातून वाटत होतं. असं वाटल्याची त्यांना लाजही वाटत होती, पण वाटत होतं.

"सर, आप इधर," पीपलरावां गावाकडची एक सिस्टर होती, तिनं भिंतीजवळची खुर्ची दाखवली. तीस वर्षं पोरांना हाताची घडी तोंडावर बोट करायला लावणारे भास्करराव निमूटपणे हाताची घडी घालून बसले.

शौर्यनं हात धुतले. औषधाच्या भुकटीत पाणी सोडलं आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवली. जोरानं हलवली की फेस येतो. दंडाला रबरी पट्टा बांधताना त्याचं एक टोक त्यानं दातांत धरलं. हे भास्कररावांना कधी करावं लागलं नव्हतं, त्यांना दोन हात मोकळे असायचे.

सुई आत गेली. सुईमागच्या नळीत रक्त आलं नाही, म्हणजे नस सापडली नव्हती. शौर्यनं हात किंचित फिरवला. तरी नाही.

भास्करराव उठलेच. डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघता नुसता तळहात पुढे केला आणि ते परत बसले. त्यांना हवं होतं ते झालं होतं, आणि आता ते त्यांना बघवत नव्हतं.

शौर्यनं सुई काढून घेतली, कापूस दाबला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं दाबून धरला. घाम नाही, घाई नाही. मग सिस्टरकडे गरम पाण्याचं भांडं मागितलं, दुसरा हात त्यात बुडवून ठेवला, पुसला, आणि नवी सुई घेतली. या खेपेला त्यानं हाताच्या पाठीवरची नस निवडली. बोटानं दाबून पाहिली, डोळे मिटून पुन्हा एकदा दाबून पाहिली. नळीत लाल रेघ चढली. अवघ्या दोन बोटांनी तो औषध आत ढकलू लागला, अगदी सावकाश. गणिताच्या मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ हुशार मुलं पाहिली होती. असं काही पाहिलं नव्हतं.

"पहिली चुकली हे लगेच ओळखलंस," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "शोधत बसला नाहीस. कशावरून कळलं?"

"अंदरसे समझता है मॅडम. सुई बाजूला गेली की ती जागा रिकामी वाटते. आबांची तशी गेली की मी मनगट जरासं फिरवायचो, मग नस बरोबर सुईवर यायची. आज फिरवूनही आली नाही, म्हणून काढली."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. आपण काय बोललो ते शौर्यला तेव्हा कळलं आणि त्यानं मान खाली घातली.

"किती वेळा?" भास्कररावांनी विचारलं. बोलायचं नाही या नियमाची कुणी त्यांना आठवण करून दिली नाही.

"जाऊ द्या ना आबा."

"किती वेळा, शौर्य?"

"दहात तीन-चार वेळा. चौथीत होतो तेव्हापासून."

आठवड्याला दोन, म्हणजे आजवर हजाराच्या आसपास. त्यातले तीनशे, चारशे. हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप झाला आणि तो त्यांना पेलेना. नऊ वर्षांचं पोर, हातात सुई रुतलेली, आणि बापाला कळू न देता मनगट फिरवतंय. तोंडातून ब्र न काढता. त्यांनी मुलाकडे असं पाहिलं, जसं आजवर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सुरुवातीला चुकलं की तुम्ही दिवसभर जेवायचा नाहीत. आई सांगायची. आणि सांगितलं असतं तर तुम्ही सोडून दिलं असतं. मग दर वेळी सिस्टर. मला तुमच्याच हातनं हवं होतं."

सिस्टर उगाचच ट्रे आवरायला लागली.

भास्करराव उठले, टेबलापाशी आले आणि खिशातलं पेन काढलं. "मॅडम, सही कुठे?" त्यांनी विचारलं. कागदावर वरची ओळ रिकामी होती. सोळा वर्षं प्रत्येक कागदावर वरच्या ओळीत त्यांचीच सही होत आली होती, तशी त्यांनी पेनाची निब तिथे टेकवली.

"ती त्याची," डॉक्टर मेधा म्हणाल्या. "तुमची खाली. साक्षीदार म्हणून."

भास्कररावांनी पेन उचललं आणि मुलाच्या हातात दिलं. शौर्यनं सही केली. मग त्यांनी ते परत घेतलं, चष्मा पुसला, आणि खालच्या ओळीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं.