लांबकुरणाखालची मोरी

तांबडी रेघ चुकली होती.

नॉर्मन टॅपलिननं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि टेबलावर पसरलेल्या नकाशावर वाकून पुन्हा पाहिलं. लांबकुरणाखालून जाणारी जुनी विटांची मोरी चर्चच्या गल्लीला लागून सरळ दाखवली होती. खरी मोरी तिथून चांगली साठ पावलं पूर्वेला होती, काटेरी कुंपणाच्या कडेनं. आणि सरळ तर मुळीच नव्हती. वाळुंजाच्या तीन झाडांच्या अलीकडे ती कोपरासारखी वळत होती.

ऑल्डरविकच्या सभागृहात त्या शनिवारी सगळं गाव लोटलं होतं. लांबकुरणावर एकशेवीस घरं बांधायचा प्रस्ताव आला होता आणि जिल्हा कौन्सिलनं हरकती-सूचना मागवल्या होत्या. बिल्डरच्या माणसांनी भिंतीला गुळगुळीत फलक लावले होते. त्यांवर हसरी मुलं, सायकली, कोवळी झाडं. पण त्या फलकांपुढे चिटपाखरू नव्हतं. गर्दी होती ती रोझलिंड वेअरच्या टेबलाभोवती.

रोझलिंडला गावात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. लंडनमध्ये शाळेत भूगोल शिकवायची, निवृत्त झाल्यावर इथं घर घेतलं. आवाज कधी चढवायची नाही, पण ती बोलायला लागली की माणसं हातातला चहा प्यायची विसरत.

"कुरणावरचं पावसाचं पाणी या मोरीतून ओढ्याला जातं," ती सांगत होती. "घरांच्या पायाखाली ही मोरी चिरडली, तर पाणी जाईल कुठं? उताराला गिरणीआळी आहे. तेवीस घरं. सगळ्यांची स्वयंपाकघरं."

"अगदी खरं!" कुणीतरी म्हणालं.

नॉर्मननं मान वर केली. हेच, अगदी हेच त्यानं गेल्या वीस वर्षांत अकरा पत्रांतून लिहिलं होतं. कुरणावर काही बांधायचं निघालं की तो टेबलाशी बसून, ओठ चावत, मोठ्या अक्षरांत लिहायचा : पाण्याची वाट अडवू नका. दर वेळी कौन्सिलनं त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' एवढीच ओळ. अडतीस वर्षं त्याच कौन्सिलचे नाले आणि गटारं साफ केलेल्या माणसाला.

ती मोरी ढासळली तेव्हा तीन आठवडे आत ओणवं राहून त्यानं विटा बसवल्या होत्या. त्याच्याबरोबरचे दोघं केव्हाच मातीआड झाले. कौन्सिलच्या कचेऱ्या एकत्र झाल्या तेव्हा जुनं दप्तर कुठं गेलं, कुणाला पत्ता नाही. रोझलिंडनं जिल्ह्याच्या दप्तरखान्यातून दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा शोधून काढला होता. पण त्यानंतर जमीनदारानं मोरी हलवली होती, हे त्या नकाशाला कसं कळणार?

सांगावं म्हणून नॉर्मननं घसा खाकरला. तेवढ्यात रोझलिंड हसून म्हणाली, "आश्चर्य म्हणजे इतक्या वर्षांत गावात कुणाला या मोरीची आठवणही झाली नाही!"

लोक हसले. आणि त्या हसणाऱ्यांत त्याची बायको हेझलही होती.

नॉर्मननं चष्मा पुन्हा कपाळावर चढवला, तोंडात मिठाची गुळणी धरली आणि तो बाहेर पडला.

त्यानंतर महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. दारूच्या गुत्त्यात, पोस्टात, चर्चच्या दारात जिकडे तिकडे रोझलिंडची पत्रकं. कसायाचं दुकान चालवणारा रॉय, जो नॉर्मनशी हवापाण्याच्या गप्पांपलीकडे कधी बोलला नव्हता, तो आता गिऱ्हाइकांना मोरीवर प्रवचन द्यायचा. "रोझलिंड म्हणते ना..." इथूनच त्याची सुरुवात. नॉर्मन मुकाट्यानं सॉसेज घेऊन निघायचा. रस्त्यानं चालताना तो तिच्यातले दोष मोजायचा. गमबूट कसे नवेकोरे. बाग कशी माळ्याकडून करून घेते. सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारते आणि आपल्याला तेवढं मिस्टर टॅपलिन.

घरीही सुटका नव्हती. एका दुपारी हेझल केकचं पीठ फेटत होती.

"आपल्याला?" त्यानं विचारलं.

"रोझलिंडच्या बैठकीला. संध्याकाळी बाराजण यायचेत."

"आता तिला केकसुद्धा लागतो का?"

"नॉर्मन, ती आपल्या आयव्हीसाठी झगडतेय." आयव्ही म्हणजे हेझलची थोरली बहीण. ब्याऐंशी वर्षांची, गिरणीआळीतल्या शेवटच्या घरात एकटी राहणारी. "मागच्या पुरात तिचा गालिचा आपण दोघांनी बाहेर ओढला होता, आठवतंय ना? तू का नाही येत? तुझा तर जन्म गेला त्या कामात."

"मला कोण विचारतंय? बाईसाहेब आहेत की."

"विचारायला काय पालखी पाठवायला हवी तुला?"

पण विचारायला रोझलिंड स्वतः आली. दुसऱ्याच दिवशी दारात उभी, काखेत नकाशाची गुंडाळी, वाऱ्यानं केस विस्कटलेले.

"मिस्टर टॅपलिन, हेझल म्हणाली तुम्ही नाल्यांच्या कामावर होतात. मला आधीच यायला हवं होतं, माफ करा. हा नकाशा एकदा नजरेखालून घालाल? कौन्सिलच्या नियोजन समितीपुढे फक्त तीन मिनिटं मिळणार आहेत. चूक राहायला नको."

तिनं तो दाराच्या चौकटीवर धरून उघडला. तांबडी रेघ होती तिथंच होती.

नॉर्मननं पाहिलं. नको इतका वेळ पाहिलं. मग म्हणाला, "दप्तरातून आणलाय ना?"

"हो."

"कागदावर आहे म्हणजे असेल. आम्ही आपले फावडं मारणारे."

"खरंच? बरोबर वाटतंय तुम्हाला?"

"तुम्ही शिकलेल्या आहात."

तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. तिनं चक्क आभार मानले. दार लावल्यावर नॉर्मन बराच वेळ पायपुसण्यावर उभा राहिला. खोटं तर आपण बोललो नाही, असं तो स्वतःला बजावत होता.

नियोजन समितीची सभा जिल्ह्याच्या गावी, मंगळवारी दुपारी होती. ऑल्डरविकहून बस भरून माणसं गेली. आयव्हीनं ठेवणीतली निळी टोपी घातली होती. रोझलिंड तीन मिनिटं बोलली. एकदाही अडखळली नाही. अकरा सदस्यांपैकी निम्मे तरी माना डोलावत होते. नॉर्मन मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता, आणि त्या प्रत्येक डोलावणाऱ्या मानेबरोबर त्याचा तीळपापड होत होता.

मग बिल्डरचा इंजिनिअर उठला. गॅरेथ नावाचा, तरणा, नम्र.

"हरकतीत दाखवलेल्या जागी आम्ही तीन खड्डे घेतले, नऊ फूट खोल," तो म्हणाला. "कोरडी चिकणमाती. मोरी नाही, वीट नाही, ओलसुद्धा नाही. छायाचित्रं जोडली आहेत."

पडद्यावर तीन कोरडे खड्डे दिसले. कुणीतरी फिसकन हसलं.

रोझलिंड उठली. "अध्यक्ष महोदय, मला जरा..."

"आपली तीन मिनिटं संपली आहेत, मॅडम."

"पण पाणी कुठूनतरी जातंच ना..."

"कृपया बसा."

ती बसली. तिनं हातातला कागद दोनदा दुमडून पर्समध्ये ठेवला. त्या क्षणी नॉर्मनच्या छातीत काहीतरी गोड, गार उतरलं. कडक उन्हात घागरभर पाणी प्यावं तसं. आता कळेल, त्याला वाटलं. आता कळेल गावाला.

सात विरुद्ध चार मतांनी प्रस्ताव मंजूर झाला.

परतीच्या बसमध्ये रोझलिंडच्या शेजारची जागा रिकामी होती. रॉय मागून, ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "चांगलं तोंडघशी पाडलं बाईनं. मी आधीच म्हणत होतो." शेवटी आयव्हीच काठी टेकत पुढे गेली आणि त्या रिकाम्या जागी बसली.

"म्हणजे मोरी नव्हतीच का गं?"

"माझं चुकलं, आयव्ही," रोझलिंड म्हणाली. "मी तुमचं सगळ्यांचं नुकसान केलं."

"असू दे. गालिचा मी माडीवर नेऊन ठेवीन." आयव्हीनं तिच्या हातावर थोपटलं. "तू ये हं उचलायला. आमच्या नॉर्मनची पाठ धरते हल्ली."

नॉर्मननं खिडकीकडे तोंड फिरवलं. मघाचा गोडवा कुठल्या कुठे गेला होता; तोंडात नुसती तुरट चव होती.

घरी हेझलनं कोटही काढला नाही. स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभी राहून ती म्हणाली, "तू तीन आठवडे त्या मोरीत होतास. रोज रात्री तुझे चिखलाचे कपडे मी धुतलेत. एवढं पाणी होतं तिथं, नॉर्मन. नव्हतीच कशी म्हणतात?"

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"तिनं नकाशा दाखवला होता तुला. दारात. मी जिन्यावरून ऐकत होते."

नॉर्मन दुसऱ्या बुटाकडे वळला.

"अरे देवा," हेझल खुर्चीत बसली. "तुला माहीत होतं."

मग ती हळूच म्हणाली, "बेचाळीस वर्षांत तू मला लाज वाटेल असं काही केलं नव्हतंस." आणि उठून वर निघून गेली.

सकाळी नॉर्मन रोझलिंडच्या दाराशी गेला. ती फाटकावरचं पत्रक काढत होती. चिकटपट्टीचा तुकडा नखानं खरवडत होती.

"मोरी आहे," तो म्हणाला. "तुमच्या रेघेच्या पूर्वेला, साठ पावलांवर. वाळुंजांच्या अलीकडे वळते."

ती वळली. तिचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्हाला आता आठवलं?"

हो म्हणायला काही लागणार नव्हतं. एक मान हलवली की झालं. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, विसरला असेल. कुणीही विश्वास ठेवला असता.

"नाही," नॉर्मन म्हणाला. "तुम्ही माझ्या दारात आलात तेव्हाही माहीत होतं. त्याआधी सभागृहातही."

चिकटपट्टी तिच्या बोटाला लागून राहिली. "मग का नाही सांगितलंत?"

त्यानं रात्रभर उत्तरं जुळवली होती. ती सगळी त्यानं सोडून दिली. "तुम्ही बोलता तेव्हा लोक ऐकतात," तो म्हणाला. "मी वीस वर्षं तेच सांगत होतो. मला बघवलं नाही."

रोझलिंड रागावली असती, रडली असती, तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त बोटावरची पट्टी काढून गोळी केली आणि खिशात टाकली.

"किती खोल?" तिनं विचारलं.

"सहा फूट. वळणावर सात."

"मंजुरीतली पाण्याच्या निचऱ्याची अट अजून ठरायची आहे. तिच्यावर हरकतींना तीन आठवडे आहेत. आत या. टेबलाशी बसा आणि सगळं पहिल्यापासून सांगा." चहाचं मात्र तिनं विचारलं नाही.

त्यांच्या नव्या हरकतीवरून अठरा दिवसांनी लांबकुरणावर खोदायचं यंत्र आलं. गावातली माणसं कुंपणाशी गोळा झाली होती. गॅरेथ पिवळ्या जाकिटात खड्ड्याच्या काठावर उभा होता. नॉर्मननं पावलं मोजून टाच रोवली होती, तिथं यंत्राचा पंजा बसत होता. सहाव्या फुटाला वीट लागली. माणसांनी हातानं माती काढली, आणि खालून कमानीसारखी जुनी पाठ वर आली. एक वीट सरकवताच आतून वाहत्या पाण्याचा आवाज आला. कुंपणाशी टाळ्या पडल्या. आयव्हीनं काठी उंचावली.

गॅरेथनं वही काढली. "अहवालात लिहावं लागेल. जागा कुणी शोधली? तुम्ही ना, मिस वेअर?"

सगळे रोझलिंडकडे बघू लागले. तिनं नॉर्मनकडे बोट दाखवलं.

"मिस्टर टॅपलिन यांनी," ती म्हणाली. "यांना माहीत होतं. पहिल्यापासून."

"वा!" गॅरेथ म्हणाला आणि लिहू लागला. रॉयनं नॉर्मनच्या पाठीवर थाप मारली. "छुपा रुस्तम आहेस गड्या!" हेझल रोझलिंडच्या शेजारी उभी होती. ती जमिनीकडे बघत होती.

बिल्डरला आराखडा बदलावा लागला. मोरीवरची चौदा घरं गेली, तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी सोडली. घरं झालीच, एकशेसहा. पण जानेवारीत नऊ दिवस पावसानं झोडपलं, तेव्हा गिरणीआळीत पाणी शिरलं नाही. आयव्हीचा गालिचा जागेवरून हलला नाही. हेझल नॉर्मनशी बोलायला लागली होती, आधी जेवणाबद्दल, मग हवेबद्दल, मग हळूहळू सगळ्याबद्दल. त्या एका गोष्टीबद्दल मात्र दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत.

अहवालाचं पान सभागृहाच्या फळ्यावर लागलं होतं. खालून तिसऱ्या ओळीत नाव होतं : श्री. नॉर्मन टॅपलिन यांच्या बहुमोल माहितीमुळे. येणारा-जाणारा त्याला सांगायचा, "वाचलं हं!"

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो सभागृहात खुर्च्या लावायला गेला तेव्हा रोझलिंड फळ्यापाशी होती. नव्या बसथांब्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या, त्याचं पत्रक ती लावत होती. तीन कोपरे लागले होते. चौथ्यासाठी ती डबी उलटीपालटी करून बघत होती. टाचणी उरली नव्हती.

नॉर्मननं खुर्ची खाली ठेवली. अहवालाच्या खालच्या कोपऱ्यातली टाचणी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"थँक्यू, मिस्टर टॅपलिन," ती म्हणाली, आणि तिनं ती आपल्या कागदाला टोचली.

सुटलेला कोपरा वर वळला आणि खालच्या तीन-चार ओळी त्याच्यामागे गेल्या. नॉर्मननं तो तसाच राहू दिला आणि दुसरी खुर्ची उचलली.