बिनहाताची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. रुंद, बुटकी, बिनहाताची. हात नाहीत म्हणून कीव करू नका, तोंड आहे मला. आज सकाळी मला भंगारात काढून दवाखान्याबाहेर जिन्याजवळ ठेवलंय, तेव्हा गप्प बसायचं काही कारण उरलेलं नाही.

माझा जन्म एका चुकीतून झाला. चूक डॉक्टरीणबाईंची. मी रंध्याखाली असताना त्यांनीच ती सुताराला सांगितली. लोक सुताराला मापं सांगतात, यांनी आपला गुन्हा सांगितला.

दवाखान्यात तेव्हा सगळ्या हाताच्या खुर्च्या होत्या. शिवणकाम करणारी एक बाई यायची, अंगाने चांगलीच भरलेली. खुर्चीत मावायची नाही म्हणून तासभर भिंतीला टेकून उभी राहायची. पोट दुखतं म्हणायची. डॉक्टरीणबाई तिला काट्यावर चढवायच्या, आकडा बाहेर ऐकू जाईल असा वाचायच्या आणि म्हणायच्या, "आधी वजन उतरवा, मग पोटाचं बघू." असं तीनदा झालं. मग ती आलीच नाही. दुसरीकडे तिच्या पोटात गाठ सापडली, तोवर फार उशीर झाला होता. नंतर तिची बहीण आली. भांडली नाही. "तुमच्याकडे तिला बसायलासुद्धा जागा नव्हती हो," एवढंच म्हणाली.

"किती रुंद करू?" सुताराने विचारलं.

"बसण्याआधी कुणाला चारचौघांकडे बघावं लागू नये, इतकी."

बावीस वर्षं मी खिडकीखाली होते. बारीक माणसं माझ्यावर बिनधास्त पिशव्या ठेवत. ज्यांच्यासाठी मला केलं, ती मात्र पहिल्यांदा कडेला टेकत, जणू मी उसनी आणलेय. दुसऱ्या खेपेला मागे रेलून बसत. मला तेवढंच हवं असायचं.

काटा आत पडद्यामागे गेला. विचारल्याशिवाय वजन करणं बंद झालं. ज्याला वजन उतरवायचं असेल त्याला औषध, आहार, व्यायाम सगळं मिळे. कुणाचं उतरे, कुणाचं नाही. नाही उतरलं तरी कुणाला बोलणी बसत नसत. दवाखाना रिकामा झाला की बाई माझ्यावरच बसत आणि स्वतःशी म्हणत, "वजन हा आजार असेल तर उपचार करावा. मी वीस वर्षं शिक्षा करत होते. कमी खा, जास्त चाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला."

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या, तरी रोज सकाळी दवाखान्यात चक्कर असतेच. आता त्यांचा मुलगा दवाखाना बघतो. पोरगा हुशार आहे, पण घाईचा. स्टीलच्या, एकमेकींना जोडलेल्या हाताच्या खुर्च्या आल्या. "आई, ही दोघांची जागा खाते," म्हणाला. खाते की. मग?

मघाशी एक बाई जिना चढून आली. वाचनालयात काम करते म्हणे. धाप लागलेली. दारातून तिने आतली स्टीलची रांग पाहिली आणि मागे फिरली. तेवढ्यात मी दिसले. बसली. लगेच भंगारवाला वर आला.

"ताई, उठता का जरा? खुर्ची न्यायचीय."

ती सवयीने अर्धी उठलीसुद्धा. मग परत बसली, अगदी मागे टेकून.

"नाही उठणार," ती म्हणाली. "दम लागतोय मला. तीन डॉक्टरांनी छातीला नळी न लावताच सांगितलं, वजनामुळे होतंय."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आतून आल्या, मागोमाग मुलगा. "आत या, बघतो," तो म्हणाला.

"आत कुठे बसवशील?" बाईंनी विचारलं. "इथेच तपास."

तो गुडघ्यावर बसला. छाती ऐकली, पाठ ऐकली, पुन्हा छाती. मग नळी तशीच धरून हळूच म्हणाला, "आई, तूही ऐक. हृदयाच्या झडपेचा आवाज आहे हा."

बाई ऐकत राहिल्या. "वेळेत आलात," त्या तिला म्हणाल्या. ती रडायला लागली. मुलगा मान खाली घालून मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहू लागला. भंगारवाला खुर्ची न मागताच खाली निघून गेला.

उद्या तो परत येईलही. येऊ दे. मी जागा खाते, हे मला मान्य आहे आणि मी तसूभर आत सरकणार नाही. मला उचलायचं असेल त्याने आधी माझ्यावर बसलेल्या माणसाला विचारावं, तुम्हाला काय होतंय. आणि उत्तर संपेपर्यंत थांबावं.