कळशीवरचं फुलपात्र

“भुई हालली!” भामाबाई आतून ओरडली, आणि ओट्यावर उभा असलेला आप्पासो क्लार्क हातातली क्वार्टर सोडायची नोटीस तिथंच टाकून अंगणात पळाला. एक चप्पल ओट्यावरच राहिली. शेजारच्या दोन क्वार्टरांतली माणसंही धडाधडा बाहेर आली. चौऱ्याण्णव सालचा मे महिना होता. किल्लारी होऊन आठ महिने झालेले, आणि कोयनानगरात तर बारीकसारीक धक्के पाचवीलाच पुजलेले. अशा वेळी शहानिशा करत कोण बसतं!

एकटा तिचा नवरा जालिंदर वाघमारे बाहेर पळायच्या ऐवजी आत गेला.

एरवी तोही पळायचा. पण आज तो ओट्यावर अशा जागी बसला होता, की उघड्या दारातून थेट कळशी दिसत होती. कळशीवर ताटली आणि ताटलीवर उपडं घातलेलं पितळेचं फुलपात्र. जरा कुठं धक्का बसला की ते तडतडायचं. सत्तावीस वर्षं भामाबाईनं ते तिथून हलवलं नव्हतं. पाणी प्यायला दुसरं होतं, हे फक्त भुईसाठी. आणि आत्ता ते फुलपात्र अगदी गप्प होतं.

भामाबाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम, डावा हात छातीशी. जालिंदरनं खिडकीतली गोळ्यांची डबी उघडली.

“जीभ वर कर.”

गोळी जिभेखाली ठेवून तो तिचा हात धरून बसून राहिला. बाहेरून आप्पासो ओरडत होता, “तात्या, भाईर या की! छत पडंल!”

“पडू दे. न्हाईतरी तुमालाच परत द्यायचंय!” जालिंदर ओरडला.

थोड्या वेळानं भामाबाईचा श्वास जाग्यावर आला. ती हळूच म्हणाली, “भुई न्हवती हालली.”

“ठावं हाय मला. फुलपात्र गप व्हतं.”

“काळीज म्हनलं की तुमचं तोंड येवढंसं हुतंय. म्हनून म्या भुईचं नाव सांगायची. लय डाव सांगितलं.”

“आनि मी खुळ्यावानी भाईर पळालो?”

“पळालासा की. लुंगी सावरीत.”

दोघंही हसली. जालिंदरला हसता हसता रडू आलं, ते त्यानं धोतराच्या नव्हे, त्याच लुंगीच्या सोग्यानं पुसलं. मग भामाबाईनं विचारलं, “सांगलीच्या खोलीला रंग दिऊन झाला का?”

“झालाच म्हन. फिकट निळा.”

खोलीच नव्हती, तर रंग कुठला!

घराच्या बाबतीत या जोडप्याचं नशीबच वाकडं. लग्नानंतरचं पहिलं घर धरणाच्या पाण्यात गेलं. दुसरं सदुसष्टच्या डिसेंबरात, पहाटेच्या भूकंपात बसलं. दाराची चौकट तिरकी होऊन आतली कडी अडकली, आणि पोटात सहा महिन्यांची लेक, माया, घेऊन भामाबाई सूर्य डोक्यावर येईपर्यंत आत अडकून पडली. जालिंदर बाहेरून हातांनी दगड उपसत होता. त्या दिवसापासून तिनं दाराला कडी म्हणून लावू दिली नाही. पावसाचं पाणी आत येवो, नाहीतर रानातला बिबट्या ओट्यावर येवो, दार उघडं ते उघडंच. तिसरं घर म्हणजे हे कोयना प्रोजेक्टचं क्वार्टर. जालिंदर तिथंच पाण्याच्या पंपावर कामाला होता, फेब्रुवारीत रिटायर झाला. मेअखेर क्वार्टर सोडायचं होतं. एक घर पाण्यात गेलं, एक मातीत, आणि तिसरं आता कागदावर चाललं होतं.

कऱ्हाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदय वाढलंय, मीठ कमी करा, जिने चढू देऊ नका, मोठ्या दवाखान्याच्या जवळ राहा. “आणि मुख्य म्हणजे त्यांना काळजी करू देऊ नका.”

“काळजीवर गोळी हाय का सायेब?” जालिंदरनं जरा रागानंच विचारलं होतं. डॉक्टर हसले. त्यांना हसायला काय जातंय!

लेक माया सांगलीत नर्स होती, पण हॉस्टेलच्या एका खोलीत चौघीजणी. म्हणून जालिंदर एसटीनं सांगलीला जाऊन विश्रामबागेत खोल्या बघायचा. चार खेपा झाल्या होत्या. सगळीकडं तीच कथा. मालक आधी हसून बोलायचे, पंखा लावून दाखवायचे, पाण्याची वेळ सांगायचे. मग विचारायचे, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव कळलं की गाव विचारायचे, गाव कळलं की गावात घर कुठल्या बाजूला होतं ते. ते घर पाण्याखाली आहे हो, त्याला आता बाजू कुठली! पण त्यांना तेवढ्यानं कळायचं. एवढ्यात कुणा पाहुण्याला शब्द दिल्याचं त्यांना आठवायचं. घरी येऊन जालिंदर भामाबाईला सांगायचा, खोली ठरली, आता गिलावा चाललाय, आता रंग चाललाय. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. एकदा बोलला आणि दर खेपेला त्या खोलीला काहीतरी नवीन बांधत गेला.

पाचव्या खेपेला दुपारच्या उन्हात त्याला गरगरलं. छातीत धडधडायला लागलं. ऊन लागलं असेल, असं म्हणून तो एका बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसला. दुकानातल्या म्हातारीनं पाणी दिलं. सुगराबी तिचं नाव. कुठले, काय, विचारत गेली, तसं त्यानं खोलीचं आणि भामाबाईच्या दुखण्याचं सांगितलं.

“एक खोली हाय माझ्याकडं,” सुगराबी म्हणाली.

जालिंदर उठून उभाच राहिला. “वाघमारे. बौद्ध हाय आमी. न्हाई म्हनायचं आसंल तर आत्ताच म्हना. माझी एसटी चुकंल.”

“मी कुठं काय इच्यारलं, भाऊ?” सुगराबीला वाईट वाटलं. “खोली वर हाय. तुमच्या बाईला जिना चढवंल का, येवढं सांगा.”

“न्हाई चढवत.”

“मग मी वर जाते. खालची तुमी घ्या.”

जालिंदरनं हात जोडले. ती मात्र खरं तेच बोलली, “पन अकराच म्हैने हां. माझा फारूक सौदीस्नं आला की त्याचं लगीन. तवा खोली लागंल.”

त्यानं भाड्याच्या कागदावर सही केली आणि कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. घरी सांगितलं, “आता त्या खोलीतनं हालायचं न्हाई.”

तीस तारखेला टेम्पोत सामान चढवायला आप्पासो स्वतः आला. भामाबाईनं क्वार्टर झाडून, सारवल्यासारखं पुसून दिलं. कळशी आणि फुलपात्र मांडीवर घेऊन ती पुढं बसली.

नव्या खोलीत पाऊल टाकताच ती थबकली. “आवं, निळा म्हनला व्हतासा. ह्यो तर पिवळा हाय!”

“मालकिनीनं बदलला,” जालिंदर पुटपुटला.

“मी? कवा?” जिन्यावरून सुगराबी म्हणाली. “फारूकचे अब्बा व्हते तवापास्नं पिवळाच हाय!”

भामाबाई पोट धरून हसली. सगळं समजलं तिला, पण नवऱ्याला एका शब्दानं लाजवलं नाही. तिनं बुद्धाची तसबीर खिळ्याला लावली, कोपऱ्यात कळशी ठेवली, वर ताटली, ताटलीवर फुलपात्र उपडं घातलं. मायाला दुपारची पाळी होती, ती भाकरी ठेवून निघून गेली. जेवण झाल्यावर भामाबाई पलंगावर आडवी झाली. थोड्या वेळानं म्हणाली, “दार लावा.”

जालिंदरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“लावा की. कडी पन घाला. हितली भुई हालत न्हाई म्हनं.”

सत्तावीस वर्षांनी त्यानं दाराला कडी घातली. भामाबाई भिंतीकडं कूस करून लगेच झोपली. इतक्या लगेच झोपलेली त्यानं तिला तरुणपणीही पाहिली नव्हती. त्याला फार बरं वाटलं. मग खिशातल्या कागदावर हात गेला. अकरा महिने. पुढच्या उन्हाळ्यात हिला उठवून पुन्हा कळशी मांडीवर द्यायची, आणि पुन्हा दारोदार आडनाव सांगत हिंडायचं.

आणि एकदम भुई हालली. पायाखालची फरशी, भिंत, तसबीर, सगळं डुगडुगलं. भामाला उठवायला त्यानं हात पुढं केला, आणि सवयीनं कळशीकडं बघितलं.

फुलपात्र गप्प होतं.

तो दाराला धरून उभा राहिला. कडी वाजली, तशी भामाबाईनं डोळे उघडले.

“काय झालं?”

“काय न्हाई. ट्रक गेला रस्त्यानं.”

भामाबाईनं फुलपात्राकडं बघितलं. मग त्याच्या कपाळावरच्या घामाकडं बघितलं. ती उठली, उशाची डबी घेतली आणि त्याला हाताला धरून पलंगावर बसवलं.

“जीभ वर करा,” ती म्हणाली.