रखमीच्या हिरवळीखालची म्हातारी

मी एक जुनी बुरशी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. लोणच्यावर चढते ती मी नव्हे. ती माझी लांबची नातेवाईक, आणि आमचे फारसे पटत नाही. मी मातीत राहते. तलासरीकडच्या डोंगरात, बांबूच्या बेटाखाली कुजलेल्या पानांत माझा जन्म झाला. केव्हा, ते मलाच आठवत नाही, कारण माझे निम्मे आयुष्य झोपेत गेले आहे. ओल आली की जागे व्हायचे, धागे पसरायचे. ओल गेली की हिरवी भुकटी होऊन पुन्हा निजायचे. स्वप्ने मात्र भरपूर पडतात. मुळांची, पाझरणाऱ्या पाण्याची, वरून कुणीतरी अनवाणी चालत गेल्याची.

एकदा कोसबाडच्या शितलताईंनी मला मूठभर मातीसोबत उचलले. या ताई शेतीचे शिकल्या आहेत आणि पाड्यापाड्यांवर जाऊन शेतकऱ्यांना मदत करतात. त्यांनी मला उकडलेल्या भातावर वाढवले. एवढे पोटभर जेवण मला जन्मात मिळाले नव्हते. मी अंगाने भरले, मग वाळले, पिशवीत बसले आणि झोपेतच रखमीच्या घरी पोचले.

रखमी आणि तिचा नवरा लाहू कासा गावाजवळच्या एका पाड्यावर राहतात. दिवाळी सरली की चूल-भांडी बांधून दोघे वीटभट्टीवर जायचे आणि घराला कुलूप लागायचे. यंदा त्यांनी बोर्डीकडच्या एका बागेसाठी लॉनचे गवत लावले होते. ते चांगले निघाले तर भट्टी टळणार होती. पण पाऊस ओसरता ओसरता गवतात गोल, तपकिरी चट्टे पडले आणि पसरू लागले.

"मुळाशी वाईट बुरशी बसलीय," शितलताई म्हणाल्या. "पिशवीतली बुरशी चांगली आहे, ती हिला खाऊन टाकते. शेणखतात मिसळून टाका."

ताईंची पाठ वळली आणि लाहू विचारात पडला. भाताची रोपे करण्याआधी इकडे पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात.

"रोग हाय ना? मंग पयला राब भाजू," तो म्हणाला. "जमीन साफ झाली का ही टाकू."

त्याने चट्ट्यांवर पाला पेटवला आणि राख कोमट असतानाच अर्धी पिशवी तिच्यात ओतली. मित्रांनो, मला रडता येत नाही. पण त्या राखेत माझ्या लेकी गेल्या, आणि मला फार वाईट वाटले.

ताई पुन्हा आल्या तेव्हा चट्टे राखेच्या कडेने पुढे सरकले होते. "लाहूदादा, ही जिवंत असते," त्या एवढेच म्हणाल्या.

"जिती हाय?" लाहू पिशवीकडे बघत राहिला. "आमाला वाटला, पावडर हाय."

उरलेली पिशवी रखमीने पाण्याच्या मडक्याशेजारी गारव्याला ठेवली होती. तिने मला शेणखतात कालवले, पाणी शिंपडले आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली झाकले. तिथे मला आयुष्यातली सर्वांत गोड झोप लागली. हलकेच गोणपाट उचलले जाई, रखमीचा हात आत येई, आणि झोपेतच मी त्या हाताच्या दिशेने धागे पसरी.

"म्हातारी जागी झाली," एका संध्याकाळी खतावरचे माझे पिकल्या केसांसारखे पांढरे धागे बघून ती म्हणाली. तिने मला गवतावर पसरले.

खाली अंधार होता, ओल होती. चट्टा पाडणारीचे करडे धागे मुळांभोवती आवळलेले होते. मी तिच्या धाग्यांना विळखा घातला आणि सावकाश जेवू लागले. घाई मला ठाऊकच नाही. भीती फक्त एकच होती, की दिवाळी माझ्या आधी उरकेल.

ती उरकलीच. भट्टीचा मुकादम काकड्या जीप घेऊन दारात आला.

"भांडी बांधली का?" त्याने विचारले.

लाहूने रखमीकडे पाहिले. भांडी बांधलेली होती. रखमी गवतात गेली आणि एका चट्ट्याशी वाकली. तो वाढायचा थांबला होता. मधल्या उघड्या मातीत कोवळी पाती वर आली होती, नखाएवढीच. तिने ती बोटाने चाचपली, परत आली आणि गाठोड्याची गाठ सोडली.

"यंदा आमी नाय येत," ती म्हणाली. "आमचा गवत उठला."

जीप गेली. पुढे चट्टे भरून आले, बागवाले आले आणि पैसे मोजून हिरवळीचे गालिचे गुंडाळून घेऊन गेले.

आता उन्हाळा आहे. घर उघडे आहे आणि चूल पेटते आहे. लाहू भातासाठी राब भाजायला निघाला, तेव्हा जिथे गवत लावले होते त्या खाचराचा एक कोपरा त्याने न भाजता तसाच सोडला. शेजाऱ्याने कारण विचारले.

"तठं म्हातारी निजलीय," लाहू म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या पायांखालीही कुणी ना कुणी निजलेले आहे. माती साफ करायला निघाल, तेव्हा आमच्यासाठी एक कोपरा सोडा.